दुधाच्या दाढेची तार

हॉटेलातल्या चादरी बदलून बदलून भिंगरीच्या आईची कंबर पार कामातून गेली होती, आणि त्यात हा दवाखाना. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीशेजारी एक स्टूल होतं. त्यावर तिने अंग टाकलं.

सात वर्षांच्या भिंगरीची एक दुधाची दाढ किडली म्हणून वेळेआधीच काढावी लागली होती. तिथे पक्का दात यायला अजून तीन-चार वर्षं होती. तोवर शेजारच्या दाढेने रिकाम्या जागेत पाय पसरू नयेत म्हणून बाईंनी त्या दाढेला कडी घालून पुढे तार बसवली होती. ती आता आईच्या रुमालात होती. परत बसेल की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"निघाली कधी?" बाईंनी विचारलं.

"मला काल कळलं. सासूबाईंनी डबीत जपून ठेवली होती. त्यांना वाटलं, दुधाचे दात पडतात तशी ही तारही काम झालं की आपोआप पडते. वर पोरीला शाबासकी दिली."

बाईंनी हसू दाबलं. तार बसवून पाहिली, काढली, पुन्हा बसवून पाहिली.

"नाही बसत. दाढ पुढे सरकलीय. आता तिला मागे ढकलायला दुसरं काहीतरी लावावं लागेल. बरेच महिने खेटे घालावे लागतील. लगेच आला असता, तर हीच चिकटवून दिली असती."

प्रत्येक खेपेला रजा. आईला सासूबाईंचा भयंकर राग आला, पण दिवसभर पोर सांभाळणाऱ्या म्हातारीवर कोणत्या तोंडाने चिडायचं? मग नेहमीप्रमाणे राग पोरीवर निघाला.

"आजीला नाही कळत. तुला तर बाईंनी बजावलं होतं ना, निघाली की आईला सांगायचं? मूग गिळून का बसलीस?"

भिंगरीने तोंडातला कापूस जिभेने बाजूला सारला.

"सांगायला आले होते. तू बूट न काढताच झोपली होतीस."

आईचा सगळा राग ओसरला. नुसतं दमलेपण उरलं.

"मग उठवायचं, बाळा. मी कितीही दमलेली असले तरी उठवायचं."

"उठवलं होतं," भिंगरी म्हणाली. "तू 'बरं झालं' म्हणालीस आणि कूस बदललीस."