शेंबड्या परीची पोथी

मी एक घाणेरडं पुस्तक बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. माझ्या पाचव्या पानावर शेंबूड आहे, आठव्यावर ढेकर आहे, आणि बाराव्या पानावर राक्षस जे करतो ते मोठी माणसं संडासाचं दार लावून करतात. मला याची लाज वाटत नाही. जिने मला केलं, तिलाही वाटत नव्हती.

तिचं नाव ममता. नरोलीतल्या सुताच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. सुताच्या रिळांच्या थरांमध्ये पुठ्ठे घालतात, त्यातले दुमडलेले फेकून देतात. सुपरवायझरला विचारून ती ते घरी आणायची. तसे सोळा पुठ्ठे म्हणजे मी. शिवलं कारखान्यातल्याच तुटक्या दोऱ्याने. रंग तेवढे तिने सिल्वासाच्या बाजारातून आणले.

माझ्यातली परी दिसायला सुंदर आहे. पंखांना सोन्याची किनार, नाकाखाली शेंबडाची धार. राक्षस मात्र भारी टापटिपीचा. दिवसातून सात वेळा आंघोळ करतो, किल्ल्यात अत्तर शिंपडतो आणि ज्या मुलांची नाकं वाहतात त्यांना कोंडून ठेवतो. परी त्यांना सोडवायला निघते. तिच्याकडे जादूची कांडी आहे, पण गरज पडते तेव्हा ती नेमकी नाकात असते.

पाचव्या पानावर ममताने डिंकात हिरवा रंग कालवून एक जाड गोळा बसवला. तो वाळला आणि हुबेहूब शेंबूड झाला. मुलं त्याला बोट लावून किंचाळायची आणि लगेच दुसरं बोट लावायची. आज तो काळा झालाय, गुळगुळीत झालाय. चाळीतलं एकही मूल नसेल ज्याने त्याला हात लावला नाही.

परीचं नाक ममताने धाकट्या भावाचं घेतलं होतं. कल्पेश आता एकोणीस वर्षांचा, गोदामात माल चढवतो. पण लहानपणी त्याच्या दोन्ही बाह्या पापडासारख्या कडक असायच्या. पुस्तक पाहून तो चिडला होता. "ताई, चाळीत इज्जत काढी राहिली तू माझी," म्हणाला. ममता रंगाचा हात पुसत म्हणाली, "परी केलं ना तुला? अजून काय पाहिजे?"

कल्पेशला मला वाचता येत नव्हतं. शिरपूरकडच्या गावात तो तिसरीपर्यंत मराठी शिकला, मग घर नरोलीला आलं आणि तो गुजराती शाळेत गेला. दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत मिसळली. एक दिवस मास्तर हसले, याने दप्तर खिडकीतून बाहेर भिरकावलं आणि त्याच्या मागोमाग स्वतःही गेला. त्याचं सगळं असंच. हात आधी, विचार नंतर.

रोज संध्याकाळी ममता ओट्यावर बसून मला वाचायची. समोर खानदेशातली, बिहारची, गुजराती अशी सगळी मुलं. नवव्या पानावर अक्षर नाही, नुसता पिवळा मोठा फटाका आहे. तिथे ती थांबायची आणि पाठीमागून कल्पेश शिंकायचा. अशी शिंक की पत्रा हलावा. त्या शिंकेने किल्लाभर शेंबडाचा पाऊस पडतो, राक्षस घसरतो तो थेट शेणाच्या खड्ड्यात. सगळ्या भाषांतली मुलं एकदम लोळायची.

आईवडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आबांची बारा तासांची ड्युटी, केसरबाईंची दुसरी पाळी. शेजारणी सांगायच्या, ममता रोज पोरांना काहीतरी वाचून दाखवते, पोरं जागची हलत नाहीत. श्रावणात छत गळायला लागलं तेव्हा ममताने मला लाल फडक्यात बांधून देवांच्या फळीवर ठेवलं. खोलीत तेवढी एकच जागा कोरडी होती. केसरबाईंनी ते पाहिलं. त्यांना अक्षर येत नाही. लाल फडकं, देवाची फळी, रोज संध्याकाळचं वाचन. त्यांच्या मनात मी पोथी झालो.

भादव्यात ममताला ताप आला. चार दिवसांत ती गेली. चोवीस वर्षांची होती.

कल्पेश रडला नाही. 'देवाची मर्जी' म्हणायला आलेल्या शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला. तिसऱ्या दिवशी ममताचे रंग, ब्रश, कागद, सगळं गोणीत कोंबलं आणि मागच्या नाल्यात फेकून दिलं. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्याला वाटलं, त्या गोणीत मीही होतो; फळीवरचं लाल फडकं त्याला देवाचंच वाटत होतं. दोन दिवस तो गुडघाभर चिखलात बांबूने नाला ढवळत होता. बूट मिळाले, बाटल्या मिळाल्या, एक ब्रश मिळाला. मी फळीवर देवांशेजारी बसून ते ऐकत होतो. पुस्तकाला हाक मारता येत नाही, याचं मला त्या दोन दिवसांइतकं वाईट कधी वाटलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी दमणगंगेला जायला टेम्पो येऊन उभा राहिला. ताटात ममताच्या बांगड्या, झेंडूची फुलं. केसरबाईंनी मला फळीवरून खाली घेतलं, हळदकुंकू लावलं आणि शिरपूरहून आलेल्या आपल्या भावाच्या, नारायणमामांच्या हातात दिलं. मामा गावात पोथी वाचतात. "दादा, माझ्या पोरीची पोथी आहे," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत वाचा, मग नदीत सोडा. अर्धी सोडू नये."

त्यांच्याकडची रीतच आहे ती. वाचून पुरी झालेली पोथीच वाहत्या पाण्यात सोडायची.

मामांनी पाटावर बसून फडकं सोडलं. पहिल्या पानावरची पंखवाली बाई त्यांना देवीच वाटली असणार, कारण त्यांनी तिला हात जोडले. चष्मा लावला आणि पोथीच्या संथ सुरात सुरुवात केली, "पंखांना सोन्याची किनार, नाकाखाली शेंबडाची धार..."

ते थांबले. पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आले. आत्या मंगला पदर तोंडाशी धरून म्हणाली, हे काय वंगाळ. आणि तेवढ्यात दाराशी गोळा झालेल्या मुलांनी, ज्यांना दहा दिवस हसू नका म्हणून बजावलं होतं, पुढची ओळ एका सुरात म्हणून टाकली, "कांडी शोधते परी, कांडी नाकात खरी."

मामांचे कान लाल झाले. त्यांनी मला मिटलं. "केसर, पोथी नाही ही. पोरांचं काहीतरी वाह्यात आहे. असंच सोडून देऊ," असं म्हणून मला ताटात बांगड्यांवर ठेवलं.

टेम्पोपाशी उभा असलेला कल्पेश तो सूर ऐकून आत आला होता. ताटात मला पाहिलं आणि झडप घातली. बांगड्या घरभर घरंगळल्या. मामा ओरडले की आजच्या दिवशी तरी तमाशा नको. आबांनी त्याचा दंड धरला. मला वाटलं, मी मधोमध फाटणार.

तेव्हा केसरबाईंनी विचारलं, "ममतेनंच लिहिलंय ना ते?"

कल्पेशने मान हलवली.

"मग पुरं वाचा. पोरीनं काय लिहिलं, मला ऐकायचंय."

मामा वाचेनात. आबांना डोळ्यांतल्या पाण्याने दिसेना. मग कल्पेश भिंतीला टेकून बसला आणि मला उघडलं. वाचता येत नव्हतं, चित्रं पाहून तो बोलत गेला. ममता जिथे आवाज चढवायची तिथे त्याने चढवला. ढेकराच्या पानावर ढेकर दिला. कुठे चुकला की दारातून मुलं हळूच सुधारत. केसरबाई एकेका पानाकडे टक लावून पाहत होत्या.

नववं पान आलं. पिवळा फटाका. कल्पेशने तोंड उघडलं, श्वास आत घेतला, मुलांनी कान झाकले. शिंक आली नाही. दहा दिवसांचं रडू आलं. गुरासारखं, मोठ्याने. नाकातून पाण्याची धार लागली, ओठांवर आली, आणि त्याने ती सरळ सदऱ्याच्या बाहीला पुसली.

सहा वर्षांची शेजारची गौरी पुढे सरकून नीट बघत म्हणाली, "आता खरी परी झाली."

केसरबाईंनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, कोणालाच कळेना. मग नारायणमामांच्या नाकातून एक फुसकन आवाज निघाला, आणि दुखवट्याच्या घरात जे होऊ नये ते झालं. सगळे हसले. मंगलाआत्यासुद्धा. आबा डोळे पुसत म्हणाले, "पुढं वाच."

शेवटच्या पानावर परी खड्ड्यात रडणाऱ्या राक्षसाचं नाक आपल्या ओढणीने पुसते, स्वतःचं बाहीला पुसते आणि मुलांना घेऊन घरी जाते. कल्पेशने तेही सांगितलं आणि मला मिटलं.

मामांनी हात पुढे केला. आता पोथी पुरी झाली होती.

कल्पेशने मला पोटाशी धरलं. "मी वाचली कुठं, मामा? पाठ म्हटली. वाचून पुरी करतो, मग सोडा."

मामांनी बहिणीकडे पाहिलं. केसरबाईंनी जमिनीवरून बांगड्या वेचायला सुरुवात केली होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. अर्धी सोडू नये."

बांगड्या गेल्या, फुलं गेली. मी राहिलो.

आता ओट्यावर संध्याकाळी मला कल्पेश वाचतो. अक्षरावर बोट ठेवून, खरंखुरं. पहिलं पान पुरं करायला त्याला तीन आठवडे लागले. गौरी त्याच्या चुका काढते आणि तो तिच्यावर डाफरतो. केसरबाईंनी पाळी बदलून घेतली आहे, त्याही मुलांमध्ये बसतात. पाचव्या पानाला त्यांनीही एकदा बोट लावून पाहिलं.

माझ्या कडा झिजल्यात, दोरा सैल झालाय. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं पुस्तक असेल तर त्याला फडक्यात बांधून फळीवर ठेवू नका. त्याला घाण होऊ द्या.

आणि एक गुपित सांगतो. कल्पेशला शेवटचं पान संक्रांतीपासूनच वाचता येतं. मी त्याचे ओठ हलताना पाहिलेत. पण रोज तो पंधराव्या पानाशी येतो, बाहीला नाक पुसतो, मला मिटतो आणि मुलांना म्हणतो, "बाकीचं उद्या."