तिघांचे टेबल

चार्ल्सटनमध्ये रविवारी प्रार्थनेनंतर कोठे जेवायचे, हा वाद ग्रिम्बॉल कुटुंबापुरता आईने कायमचा निकालात काढला होता. शेवटचे भजन सुरू झाले की ती चर्चमधून हळूच उठे, मिस व्हर्डेलच्या खाणावळीत नाव नोंदवी आणि दारातल्या बाकावर दोन्ही मुलांची वाट पाही. कारण सगळी मंडळी हजर झाल्याशिवाय तेथे टेबल मिळत नसे.

आईला पुरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी भजनातून थॅडियस उठला. त्याची थोरली बहीण अर्नेस्टीन हिने सकाळीच बजावले होते, "मी तिथं पाऊल टाकणार नाही. बंदरावरच्या हॉटेलात जाऊ. तिथं मॉमाची खुर्ची तरी नसेल."

"एक रविवार चुकला की दुसरा आपोआप चुकतो. मग भेटायचं कधी? थेट नाताळात?"

"वकिली पुरे, थॅड. तू जा आणि एकटाच गीळ."

खाणावळीच्या दारात नवी बाई होती. तिने विचारले, "किती जण?"

"तीन," तो सवयीने बोलून गेला.

बाक रिकामा होत गेला. मागून आलेली कुटुंबे पुढे गेली. अखेर बाई म्हणाली, "मंडळी कुठंय तुमची? एकटेच असाल तर काउंटरवर बसा की, साहेब. कोळंबी आत्ताच उतरलीय."

'एक' म्हटले असते तर जेवण मिळाले असते, आणि आईने जपलेला रविवार त्याच शब्दाने संपला असता. 'दोन' म्हणण्याची मात्र त्याची छाती होईना: बहीण येईल याची खात्री नव्हती, आणि आईला वगळणे भाग पडत होते.

"थांबतो," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने प्रार्थनेची पांढरी टोपी डोक्यावर तशीच ठेवून अर्नेस्टीन आली. तिचे डोळे सुजले होते.

"अजून बाहेरच? किती सांगितलेस?"

त्याने बाकावर शेजारच्या दोन रिकाम्या जागांकडे पाहिले. ती समजली. क्षणभर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती दाराकडे वळली.

"ग्रिम्बॉल. तीन नाही, दोघं. आमची मंडळी पूर्ण आहे."

टेबल मिळाले ते स्वयंपाकघराशेजारचे, लहान. मक्याच्या कण्या आणि कोळंबी आली. दोघे चमचे उचलून थांबले. पहिला घास आईचा असे. तो घेऊन ती प्रत्येक रविवारी न चुकता कण्यांना नावे ठेवी, मगच मुले जेवत.

वाफ विरू लागली. थॅडियसने घास घेतला.

"घाई केलीय," तो कसाबसा म्हणाला. "कण्या अजून शिजायला हव्या होत्या."

"काहीतरीच. चांगल्या मऊ झाल्यात," अर्नेस्टीन डोळे पुसत म्हणाली. "तुला कधी काही कळलंय का?"

मग दोघे वाद घालत जेवू लागले.