एदेल्मिराचं घर पलीकडे जातं

सहा जोड्या लागतील, असं ओतोन बारियानं आठवडाभर आधी बजावलं होतं; आणि सकाळचे सात वाजले तरी उतारावर बैलांच्या चारच जोड्या उभ्या होत्या. एदेल्मिरानं पुन्हा एकदा मोजल्या. मोजल्यानं बैल वाढत नाहीत हे तिला कळत होतं, तरी नजर फिरून फिरून तिकडेच जात होती.

घर मात्र निघायला तयार होतं. खिडक्यांच्या काचा काढून घोंगड्यांत गुंडाळल्या होत्या, लोखंडी चूल आणि धुराडं बाहेर आणलं होतं, आतून भिंतींना तिरके वासे ठोकले होते. पायाच्या खुंटांवरून उचलून घर दोन लांबलचक ओंडक्यांवर बसवलं होतं. कोपऱ्याकोपऱ्याला रिकामी पिंपं बांधली होती, ती पाण्यात गेल्यावर कामाची. आजवर अशी कितीतरी घरं तिनं स्वतः दोर धरून ओढली होती. शेजारी जमायचे, बैल आणायचे, घर किनाऱ्यावर न्यायचे. भरती आली की ते तरंगायचं आणि मोटरहोडी त्याला ओढत पलीकडे घेऊन जायची. मिंगा म्हणतात ती हीच. मजुरी कुणी घ्यायची नाही. ज्याचं घर त्यानं पोटभर जेवायला घालायचं आणि पुढे कुणाची विनवणी आली की आपण जायचं.

पण ती घरं दुसऱ्यांची होती. स्वतःचं घर असं जमीन सोडून उभं ती आज पहिल्यांदा पाहत होती. पहाटे जपमाळ पूर्ण झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. आज जपमाळ झाली, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवसही झाला, तरी पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

गेल्या जूनमध्ये तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा समुद्र खवळलेला होता. होडी आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. देवानं राखलं. पण मुलगी, नोल्फा, तिथपासून जी मागे लागली ती लागलीच. "आई, शहात्तर वर्षं झाली. आता एकटीनं बेटावर नाही राहायचं. माझ्याकडे चल." नोल्फाचं घर पुएर्तो मोन्त शहरात, तिसऱ्या मजल्यावर. उबदार, स्वच्छ, नळाला गरम पाणी. एदेल्मिरा तिथे अकरा दिवस राहून आली होती. खालच्या घरात रोज कुणीतरी खोकायचं. तिनं विचारलं, "खाली कोण राहतं गं?" नोल्फा म्हणाली, "काय माहीत." नऊ वर्षं झाली होती तिला तिथे. एदेल्मिरा त्या खोकल्यासाठी रोज एक प्रार्थना करायची. नाव माहीत नसल्यानं नुसतं 'खालचा माणूस' म्हणायची.

मग तिनं आपलं म्हणणं मांडलं. खाडीपलीकडे केत्रू गावात तिच्या आईकडून आलेला जमिनीचा तुकडा होता. तिथे रस्ता होता, दवाखाना होता, परिचारिका होती, प्रार्थनामंदिर हाकेच्या अंतरावर.

"आणि राहशील कशात?" नोल्फानं विचारलं होतं.

"घरात. घर येईल माझ्याबरोबर."

सहा महिने वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: फेब्रुवारीत, म्हणजे इथला उन्हाळा सरता सरता येणाऱ्या मोठ्या उधाणाला घर पलीकडे गेलं तर आईचं खरं. नाही गेलं तर पुढे पाऊस, थंडी, वादळं. मग निमूट तिसरा मजला. आणि ते उधाण आज दुपारी होतं. उद्यापासून उत्तरेचा वादळी वारा सुटणार, हे होडीवाल्यांनी दोनदा सांगितलं होतं.

"मावशी," ओतोन टोपी मागे सारत जवळ आला. चिलोए बेटांच्या या बाजूची निम्मी घरं त्यानंच हलवली होती. "बेलार्मिनोकाकांचे बैल नाही आले."

"येतील. सिक्स्तोला सांगितलंय मी."

"सिक्स्तोला?"

"परवा धक्क्यावर भेटला होता. म्हटलं, बाबा, दोन्ही जोड्या घेऊन ये. बघतो म्हणाला."

ओतोन हळूच म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याच्या चुलीशी जाऊन विनवणी नाही केलीस?"

"अरे, चौऱ्याऐंशीचा माणूस. गेल्या वर्षी कंबर मोडली. मी गेले असते तर त्याला यावंच लागलं असतं. उगाच कशाला त्रास, म्हणून—"

"झालं," ओतोन म्हणाला. "सत्तावीस घरं फिरलीस आणि बेटावरचे सगळ्यात मोठे बैल ज्याच्या गोठ्यात, त्याच्या पोराला धक्क्यावर निरोप दिलास."

शिंपले आणि मांस भाजायला खड्ड्यात दगड तापवत बसलेल्या बायकांतून कुणीतरी ओरडलं, "ओतोन, शिंपले उघडायच्या आत घर हलव बाबा! जेवल्यावर हे सगळे आडवे होतात, मग बैलांनी यांनाच ओढायचं!"

हशा पिकला. एदेल्मिराला हसू आलं नाही. ओतोननं चार जोड्यांनी ओढून पाहिलं. साठ माणसांनी दोर धरले, "हेऽऽ" म्हणून आरोळी उठली, बैल वाकले, घर करकरलं. हातभर सरकलं आणि ओंडक्याचं टोक चिखलात रुतलं. दुसऱ्यांदा दोर ताणले तेव्हा आतला एक वासा काडकन वाजला, आणि तिनं छातीवर क्रूस काढला.

"अकरापर्यंत खाली खडकापाशी पोचलं पाहिजे," ओतोन म्हणाला. "नाहीतर पाणी येईल आणि निघून जाईल, घर तिथल्या तिथे."

"मी फोन लावते सिक्स्तोला," नोल्फा पुढे झाली.

"फोननंच तर घात केलाय. म्हणजे फोन नव्हता, पण तसंच काहीतरी. थांब, मीच जाते."

"आई, तो चढ! तुझी छाती—"

"माझी छाती येईल माझ्याबरोबर."

नोल्फा पुटपुटत मागून आली. अर्ध्या चढावर एदेल्मिरा कुंपणाला धरून थांबली. खाली ओहोटीचा किनारा लांबवर उघडा पडला होता, पण पाण्याची कड आता आत सरकायला लागली होती. तिच्या मनात आलं, घर नाहीच हललं तर बरं. ठरवायचं ओझं तरी उतरेल. देवानंच ठरवलं म्हणता येईल. आणि हा विचार आपण केला याची तिला इतकी लाज वाटली, की ती दम न घेताच पुढे निघाली.

बेलार्मिनोच्या अंगणात दोन जोड्या उभ्या होत्या. जू मानेवर, शिंगांना कातडी पट्टे आवळलेले. सिक्स्तो त्यांच्याजवळ मान खाली घालून उभा. त्यानं नुसतं आत बोट दाखवलं.

म्हातारा चुलीशेजारी बाकावर बसला होता. अंगात धुतलेला सदरा, पायात बूट, मांडीवर काठी. 'माते' नावाच्या कडू चहाचं भांडं कधीच थंड झालेलं.

"बेलार्मिनोदादा, विनवणी घेऊन आले."

"कुणाकडे?" तो चुलीकडे बघतच म्हणाला. "या घरात कोणी राहतं, असं ऐकलं नव्हतंस ना तू?"

"दादा, तुमच्या कमरेचा विचार केला मी."

"माझ्या कमरेचा विचार माझी कंबर करते. तुझ्या नवऱ्यानं हे घर बांधलं, तेव्हा तुळई कुणी धरली होती?"

"तुम्ही."

"आणि ते घर बेटावरून चाललंय, ते मला धक्क्यावरनं कळतं. पोरगा येऊन सांगतो, बैल मागितलेत. बैल! मी नाही. अगं, पहाटे चारपासून तयार होऊन बसलोय. म्हटलं, येईल, शेवटचं घर म्हणून ठेवलं असेल." त्यानं काठी जमिनीवर टेकवली. "आधी म्हणतात, याला त्रास नको. मग म्हणतात, याला विचारायचं काय. मग एक दिवस उचलतात आणि नेऊन ठेवतात कुठेतरी. आणि सगळं मायेनं बरं का! तुझ्या पोरीला विचार."

नोल्फा दारात होती. तिचे कान लाल झाले.

सहा महिने एदेल्मिरा नोल्फाशी ज्या गोष्टीवरून भांडली होती, तीच गोष्ट तिनं स्वतः या माणसाच्या बाबतीत केली होती. आणि वर त्याला दया म्हणत होती.

तिनं डोक्यावरची शाल खांद्यावर घेतली, उंबऱ्याबाहेर गेली, आणि नव्यानं दार वाजवलं.

"आता आणखी कोण?" म्हातारा आतून खेकसला.

"एदेल्मिरा चिग्वाय. देवाच्या नावानं आणि शेजाराच्या नात्यानं विनवणी करते. माझं घर आज पलीकडे न्यायचंय. मला तुमचे बैल हवेत, तुमचा मुलगा हवा, आणि दादा, तुमचा आवाज हवा. तुम्ही आरोळी दिल्याशिवाय ते हलायचं नाही."

आत म्हाताऱ्यानं चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. तिला खालचं पाणी दिसत नव्हतं, पण ते चढतंय हे जणू पायांत कळत होतं.

"डुक्कर कापलंस का?" त्यानं विचारलं.

"दोन."

"मग येतो," म्हणत तो काठीवर भार देऊन उठला. "सिक्स्तो! उभा काय राहिलायस, बैल घे! आणि ए पोरी, शहरातली, हात दे इकडे. उतारावर मला एकट्याला नाही जमत."

साडेदहा वाजून गेले होते. बेलार्मिनोला एका पिंपावर बसवलं. त्यानं सहा जोड्यांवरून नजर फिरवली, डावीकडची एक जोडी पुढे घ्यायला लावली, रुतलेल्या टोकाखाली ओल्या फांद्या घालायला लावल्या, आणि मग त्या हडकुळ्या छातीतून जी आरोळी निघाली तिनं बैलांचेसुद्धा कान उभे राहिले. घर हललं. थांबलं. पुन्हा हललं. एक दोर तुटला, दहा माणसं एकमेकांवर पडली. कुणाला लागलं नाही, शिव्या मात्र भरपूर झाल्या, आणि म्हातारा त्याहून मोठ्यानं शिव्या देत होता. एदेल्मिराच्या बोटांत जपमाळ होती. कितव्या मण्यावर आहोत हे तिला सांगता आलं नसतं.

खडकापाशी घर पोचलं तेव्हा पाणी पुढच्या बैलांच्या गुडघ्यांना लागलं होतं. ओतोननं बैल सोडवले. आता माणसांच्या हातात काही नव्हतं. सगळे जेवायला बसले. ती बसली नाही. पाणी ओंडक्यांवर आलं, पायरीवर आलं, दाराच्या निम्म्यावर आलं, तरी घर जागचं हलेना. "लाकूड भिजून जड झालंय," कुणीतरी तोंडात घास धरून म्हणालं. नोल्फानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात दिलासा द्यायचा होता की तयारी करवून घ्यायचा, ते एदेल्मिराला कळेना.

आणि मग घर एका कोपऱ्यानं उठलं. दुसऱ्या कोपऱ्यानं उठलं. डुलत डुलत मागे वळलं, एखादी मोठी गाय गोठ्यातून निघावी तसं.

खाडी ओलांडायला दोन तास लागले. मायलेकी मागच्या होडीत होत्या. मध्यावर एक पिंप सुटून निघालं आणि घर डावीकडे कललं. छपराचा कोपरा लाटेला टेकतोय असं वाटलं. ओतोन त्या होडीवरून या होडीवर ओरडत होता. एदेल्मिरानं डोळे मिटले नाहीत. ज्या भिंतींत तिचा नवरा गेला, जिथे नोल्फा जन्मली, त्या बुडणार असतील तर बघत असताना बुडू देत, असं तिला वाटलं.

"आई," नोल्फा एकदम म्हणाली, "मी तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. पलंगही आणलाय. तुला न विचारताच."

"कुठला रंग?"

"पिवळा."

"चांगला असतो पिवळा," एदेल्मिरा म्हणाली आणि तिचा हात धरला. घर कललेलं असलं तरी पुढे चाललं होतं.

केत्रूच्या किनाऱ्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांतल्या तीन-चार चेहऱ्यांपलीकडे तिला कुणी ओळखीचं नव्हतं. एक धिप्पाड बाई कमरेइतक्या पाण्यात शिरली, दोर झेलला आणि ओरडली, "आजी, दार कुणीकडे करायचं?"

"काय?"

"दार, दार! तरंगतंय तोवर वळतं. एकदा टेकलं की वळायचं नाही. लवकर सांगा, पाणी उतरतंय!"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नव्हता. कुठे राहायचं हेच ठरवताना जीव मेटाकुटीला आला होता. जुन्या जागी दार समुद्राकडे होतं. उघडलं की पाणी, आणि आता त्या पाण्यापलीकडे तिचं बेट दिसलं असतं, रोज सकाळी, उतारावरची ती मोकळी जागा. मागे बघितलं तर रस्ता, दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर, कुंपणं, कुंपणांमागे परकी घरं.

"समुद्राकडेच ना, आई?" नोल्फा म्हणाली. "तुला सवय आहे."

पाण्यातल्या बाईनं दोर ताणून धरला होता.

"रस्त्याकडे करा!" एदेल्मिरा होडीत उभी राहून ओरडली. होडी डगमगली, नोल्फानं तिला कमरेला धरलं. "माणसं जिकडून येतात तिकडे!"

"समुद्र दिसणार नाही मग," नोल्फा म्हणाली.

"खिडक्या आहेत की," ती म्हणाली, आणि मग पाण्यातल्या बाईला, "तुझं नाव काय गं?"

"ओर्फेलिना!" बाई दातओठ खाऊन दोर ओढत होती. "पण नंतर विचारा हो, आजी, आधी हे वळू दे!"