कुरवाचं पीस आणि जाळ्याचं शिसं

परळच्या अक्षताचा आनंद गगनात मावेना. एमएस्सीच्या प्रबंधासाठी तपासायला दिलेल्या कुरवांच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या समुद्रपक्ष्यांच्या, पिसांत शिसं निघालं होतं, तेही डोळे पांढरे व्हावेत इतकं. पुढच्या महिन्यात सगळ्या विभागासमोर ते मांडायचं होतं. समुद्रातल्या विषाचा असा आनंद व्हावा हे बरं नव्हे, पण प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला कोण सांगणार!

तिच्या गाईड अनुजा मॅडम एवढंच म्हणाल्या, "पिसं ठेवली कशी होती, ते एकदा बघून ये."

पिसं गोळा करायचे मच्छीमार नगरचे राजारामकाका. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करताना गळलेलं पीस दिसलं की उचलून ठेवायचे. अक्षता सकाळीच तिथे पोचली. फळीवर पिसं ओळीने मांडलेली आणि प्रत्येकावर एक करडी गोळी.

"काका, हे काय?"

"जाळ्याचं शिसं गो, जाळं बुडवायचं! वारा काय कमी हाय? उडून गेली असती ना तुजी पिसं."

अक्षताने एक गोळी उचलली, तर बोटाला करडा डाग लागला. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात! मग तिला हसू फुटलं ते थांबेना. काकाही हसले, कशाला ते न कळताच. कळलं तेव्हा मात्र बिचाऱ्यांचा चेहरा पडला.

"जाऊ दे काका, आता मीच वेचते. कागदी पाकिटात ठेवू."

काका पुन्हा कामाला लागले. एक गोळी त्यांनी जाळ्याच्या दोरीवर बसवली आणि दातांत धरून कचकन दाबली.

अक्षताचं हसू जागीच विरलं.

"दाताने? असं किती वर्षं करताय?"

"चाळीस तरी असतील. का गो?"

दुसऱ्याच दिवशी तिने काकांना ओढत परळच्या हॉस्पिटलात नेलं. "पिसं संपली, आता माजं रक्त," अशी कुरकुर वाटभर चालली होती. रक्तात शिसं निघालंच, नको इतकं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजपासून दात लावणं बंद, तर हळूहळू उतरेल. अक्षताने लालबागमधून नवी पक्कड आणून काकांच्या हातात ठेवली.

तिने विभागासमोर स्वतःची चूक आधी सांगितली आणि मग नव्या पिसांचे आकडे. मॅडम पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

संध्याकाळी ती किनाऱ्यावर गेली, तेव्हा काकांनी लांबूनच पक्कड हलवली. "काय निघालं गो कुरवांत?"

"अगदी थोडं. ते कुठे जाळी दुरुस्त करतात, काका!"