खेचरांच्या कानात घरची नावं

"चाचा, आमच्या अज्जानं लढाईत किती माणसं मारली हो?"

दानेश्वरीनं एका दमात विचारून टाकलं. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैजच लावली होती वर्गात सदफनं. टीव्हीवर रोज कारगिल, त्यात हिचा अज्जा पासष्टच्या लढाईवर गेलेला. मग मैत्रिणी गप्प बसतात होय!

अज्जा, म्हणजे तिचा आजोबा सोमलिंग, वारून महिना होत आला होता. त्याच्या पलटणीतले गैबीचाचा गारगोटीहून भेटायला आले होते. बशीत चहा ओतता ओतता ते थांबले आणि खो खो हसत सुटले.

"मारली? अगं, आम्ही खेचरंवालं! डोंगरावर दारूगोळा न्यायचा, येताना जखमी आणायचं. बॉम्ब पडाय लागलं की खेचरं जागची हलायची न्हाईत. मग तुझा अज्जा त्यांच्या मानंवर हात ठेवून कानात घरची नावं घ्यायचा. आई, बायको दानम्मा, तान्हा शिवकुमार... समदी! आम्ही म्हणायचो, 'सोम्या, खेचराला सोयरीक जुळवतोस व्हय रं?' पर चालायची की खेचरं! लई पोरं जित्ती आणली त्यानं खाली."

चाचांनी उपरण्यानं डोळे पुसले. दानेश्वरी मात्र ताडकन उठली.

रोज पहाटे अज्जा म्हशीच्या कानात पुटपुटायचा, ते हेच होतं तर! तिला वाटायचं, मंत्र म्हणतोय. तो गेल्यापासून म्हैस दूध चोरत होती. आईला लाथा, अप्पांना शेपटीचे फटके. दावणीला म्हैस आणि चहाला पिशवीचं दूध, अख्ख्या कसबा बावड्यात शोभा! अप्पांनी शेवटी दलाल बोलावला होता. आज संध्याकाळीच म्हैस जायची होती.

दानेश्वरीनं चरवी उचलली. धार काढायला अज्जानंच शिकवलं होतं, सुट्टीत. म्हशीच्या मानेवर हात ठेवून ती कानाशी वाकली. "सोमलिंग. दानम्मा." अप्पांचं नाव घेताना जीभ जरा अडखळली, पण घेतलं. "शिवकुमार."

म्हशीनं लांब श्वास सोडला. दानेश्वरी खाली बसली, नावं चालूच. आणि चरवीत चर्रर्र करून धार वाजली.

आई-अप्पा धावतच आले. दारात दलालाची मोटरसायकलही येऊन थांबली.

"पावणं, च्या घ्या आणि जावा," दानेश्वरी तिथूनच ओरडली. मग फेसानं भरलेली चरवी आईच्या हातात देत म्हणाली, "म्हैस इकायची न्हाय, अप्पा. उद्यापासनं धार मी काढणार. शाळा त्याच्या मागनं!"