सोमवारच्या दासोहाचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना, तांब्याचा हंडा आहे. सोलापूरच्या भवानी पेठेपलीकडे एक गरीब वस्ती आहे, तिथल्या लहानशा मठात मी राहतो. तांबटानं ठोकून ठोकून मला घडवलं. पुढं ॲल्युमिनियमची पातेली आली आणि मी अडगळीत कोळिष्टकं पांघरून बसलो. बाहेर निघालो तो कीर्तनाच्या पुण्याईनं. दर सोमवारी मठात कीर्तन आणि मग दासोह, म्हणजे सर्वांना जेवण. बुवा भर कीर्तनात म्हणाले, "अन्नदानाचा हंडा कसा, हाक मारली तर घुमला पाहिजे!" लोक हसले, आणि कल्हई करून मला चुलीवर चढवलं.

एरवी वस्तीत हिरवं पान दिसत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात चिप्सचे पुडे, खारी, बिस्किटं. मंडई लांब, रिक्षाचं भाडंच भाजीहून जड.

आता कथा ऐका. सांगताना अजून माझे कान थरथरतात.

एका मंगळवारी कॉलेजातली पूनम आली. ताजं अन्न कुठल्या वस्तीला मिळत नाही, हे ती शोधत होती. जिथं गरज, तिथं भाजीची गाडी रोज जाणार होती. बायका अंगणात मला घासत होत्या.

"काल काय जेवलात?"

"मेथी, वांगं, वरण, गव्हाची गोड हुग्गी!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. खोटं थोडंच होतं ते?

आचारी कल्लप्पानं मिशी पिळली. "लिवा ताई, हितं कायबी कमी न्हाय. आमची मेथी खाऊन सून सासूला इसरती!"

पूनमही हसली. "छान! मग गाडी दुसऱ्या वस्तीला देऊ."

सगळ्यांचं हसू विरलं. घासणाऱ्या बायकांतल्या दाक्षायणीला सातवा महिना. रक्त कमी आहे, पालेभाजी खा, असं दवाखान्यात बजावलेलं. ती बोलणार, तोच सासूनं, सिद्धेश्वरीअव्वानं, तिचा हात दाबला. "मठाच्या अंगणात उपास सांगू ने. अन्नाचा अपमान हुतो."

पूनम चपला घालू लागली. दाक्षायणीनं माझ्या पोटात डोकं घातलं. सगळ्यांना वाटलं, घासतेय. माझ्या तळाला करपलेली मेथीची खरवड ती नखानं सोलून तोंडात घालत होती. अव्वा घासायची चिंच द्यायला वाकली, आणि तिनं ते पाहिलं.

"ए कॉलेजच्या पोरी, थांब!" अव्वाचा आवाज फाटला. "खोड ते लिवलेलं! काल सोमवार हुता की. आदल्या दिवशी भाकरी न् चटणी. आज बी त्येच. उद्या बी त्येच."

"अव्वा, मठात असं..." कल्लप्पा चाचरला.

"गप रे! देवाला समदं ठावं हाय. ह्या लिवणाऱ्या पोरीला कुटं ठावं हाय?"

पूनम चपला काढून पुन्हा आत आली, दाक्षायणीसमोर जमिनीवर बसली. "वहिनी, आता तुम्हीच सांगा."

गाडी येईल का, मला ठाऊक नाही. पण मित्रांनो, मला लखलखीत ठेवा, एवढंच मागून मी थांबणार नाही. कुणाच्या घरात काय शिजतं हे विचाराल, तेव्हा माझ्याकडे बघून लिहू नका. मी आठवड्यातून एकदाच चुलीवर चढतो. पोटाला रोज लागतं.