झेन्शूकाकांनी न सांगितलेली ओळ

आमच्या हामाबारू गावचं नाटक बघायला आता बसगाड्या भरून लोक येतात, तरी पूर्वीची मजा नाही. मी हे दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी बायको म्हणते, "पूर्वी तुम्ही एकोणीस वर्षांचे होता, तेवढाच फरक." असेल. पण पूर्वी झेन्शूकाका होते.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला भरदुपारी वडाखाली फळ्यांचा मंच उभा राही. नाटक दोन भावांचं. शत्रूपासून पळताना थोरला धाकट्याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडतो, पुढे दोघांची ताटातूट होते आणि वीस वर्षांनी त्याच ओढ्याकाठी गाठ पडते. सगळं बोलणं जुन्या भाषेत, आमच्या बेटांवर शुरीच्या राजांचं राज्य होतं त्या काळच्या, संथ हेल काढून. चेहरा हलवायचा नाही. रडायचं असलं तर मान बोटभर खाली, बस्स. शाळेत जपानी शिकलेल्या आम्हा पोरांना निम्मे शब्द कळत नसत, पण पाठ होते.

पाठ करून घेत झेन्शूकाका. उसाची शेती करायचे, साठी उलटली तरी थोरल्या भावाचं काम कोणाला देत नव्हते. त्यांना एक खोड होती. समोरचा अडखळला रे अडखळला की पुढचा शब्द काकांच्या तोंडून बाहेर. सरदार, आई, दासी, पहारेकरी, सगळ्यांची कामं त्यांना येत. एवढंच काय, गावचा मुखिया भाषणात अडकला तर त्यालाही पुढचं सांगत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला आभार मानायला मदत केली होती. तो अजून त्यांच्यावर डूख धरून आहे.

मला त्या वर्षी धाकट्याचं काम मिळालं. अमेरिकेने आमची बेटं जपानला परत देऊन तीन वर्षं झाली होती. धाकट्याच्या कामात एक गंमत होती. ओढ्याकाठी थोरला विचारतो, "तू कोणाचा कोण?" आणि धाकटा काहीच बोलत नाही. सानशिनच्या तीन तारा एक आवर्तन वाजतात, तो मान खाली घालून बसतो, मग थोरला त्याच्या खांद्याकडे हात नेतो. नाहा शहरातून आलेल्या एका प्राध्यापकांनी या मौनावर लेख लिहिला होता. अशी नजाकत म्हणे दुसऱ्या कुठल्याच गावात नाही. आम्ही त्यानंतर महिनाभर छाती काढून हिंडत होतो.

खरं कारण गावाला माहीत होतं. महायुद्धाची लढाई आमच्या बेटावर आली, त्याआधी धाकट्याचं काम झेन्जी करायचा, काकांचा सख्खा धाकटा भाऊ. लढाईत तो जखमी झाला. काकांनी त्याला पाठीवर घेऊन दोन डोंगर ओलांडले, आणि गावात परत आले ते एकटेच. मधलं काही ते कधी बोलले नाहीत. नाटकाची वही घरासोबत जळाली होती. लढाईनंतर अमेरिकनांच्या छावणीतून सुटून लोकांनी पुन्हा नाटक उभं केलं, पत्र्याच्या डब्याचं सानशिन आणि पॅराशूटच्या कापडाची डोक्याची पट्टी करून. ज्याला त्याला आपापलं काम आठवत होतं. झेन्जीचं आठवायला झेन्जी नव्हता. मागच्या अंकातलं त्याचं बोलणं इकडून तिकडून जुळलं, ही एक जागा मात्र जुळली नाही. कोणीतरी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला माझं येतं. दुसऱ्याचं मी कशाला पाठ करू?"

गावाने ती जागा तशीच रिकामी ठेवली. मीही तीस वर्षांनी तेच ऐकलं आणि मला काही खटकलं नाही, इतका मी हुशार.

तालमीत मी एकदा कुरकुरलो, "काका, मी नुसताच बसून राहू? ढिम्म?"

"बसणं सोपं वाटतं तुला? तुझ्या आईला विचार, घरी तरी बसतोस का एका जागी!"

"निदान खांद्यावर हात तरी नीट ठेवा. दरवेळी बोटभर वरच राहतो."

काकांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून."

नाटकाच्या दिवशी दुपारच्या बसमधून तारूआजोबा उतरले. माझ्या आईचे मामा, चाळीस वर्षांपूर्वी हवाईला उसाच्या मळ्यात कामाला गेलेले. फुलाफुलांचा सदरा, हातात हॅमच्या डब्यांची पिशवी. आईने त्यांना रडत रडतच पुढच्या चटईवर बसवलं आणि हातात गुळाचे तळलेले गोळे दिले. मी मंचामागे पट्टी बांधत होतो. झेन्जीच्या आधी धाकट्याचं काम हेच आजोबा करत होते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

नाटक रंगलं. ओढा आला. काकांनी विचारलं, "तू कोणाचा कोण?" मी मान खाली घातली. सानशिन वाजू लागलं.

आणि पुढच्या चटईवरून, तोंडातला गोळा कसाबसा गिळून, एक खणखणीत म्हातारा आवाज उठला:

"ज्या पाठीवर बसून हा ओढा ओलांडला, ती पाठ माझी ओळख..."

लोकांच्या माना वळल्या. सानशिनवाला थबकला. तारूआजोबा हात पुढे करून उभे होते. त्यांना वाटलं असणार, पोरगा विसरला, त्याला हात द्यावा. पण पुढची ओळ त्यांनाच आठवेना. ओठ हलत होते. "ओळख... ओळख..."

अडखळले.

"आता माझे पाय टेकतात, दादा, मला खाली उतरव."

हे झेन्शूकाका बोलले. संथ, स्पष्ट, नेमक्या हेलात. तोंडातून बाहेर पडलं आणि मग त्यांना कळलं, आपण काय केलं ते. बायकांपैकी कोणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. आईने नंतर सांगितलं, "सगळ्या गावाचं पाठ असलेल्या माणसाला सख्ख्या भावाचं येत नव्हतं, हे तुम्हा पुरुषांना पटलं होय?"

काकांचा चेहरा हलला नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि मंचावर कधी बोलू नये अशा घरच्या बोलीत म्हणाले, "बघतोस काय? म्हण की."

मी म्हटलं. दोन्ही ओळी. माझा आवाज कापत होता. मला त्याची अजूनही लाज वाटत नाही.

काकांचा हात आला. बोटभर वर थांबला, आणि मग पूर्ण भाराने माझ्या खांद्यावर बसला. त्यांची मान खाली गेली, बोटभराहून जास्तच.

आता पुढची ओळ थोरल्याची. सानशिन एक आवर्तन वाजलं, दुसरं वाजलं. मी वर पाहिलं. तीस वर्षं ज्यांनी सगळ्यांना पुढचं सांगितलं, ते काका विसरले होते. त्यांना सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

मग मीच ओठ न हलवता त्यांची ओळ त्यांना सांगितली, "चल, आई जेवायची थांबली असेल."